जुन्या ट्रकची केबिन नवीन करून घेताना आमची झालेली फसवणूक, गाडीवाल्यांनी जरूर वाचा

गाडी टाटा 2518, 2012 मॉडेल, दहा टायर, काउल (म्हणजे केबिन नसलेली, नुसती पुढच्या दर्शनी भागाची गाडी) घेऊन केबिन बाहेर बांधून घेतलेली. इंजिन, गिअरबॉक्स, हौदा सगळं ठणठणीत, कोल्हापुरातनं गूळ भरून गुजरातला जायचं आणि येताना मिळेल तो माल आणायचा अशी आमची लाईन. केबिन मात्र आतनं पार गेली होती, खालच्या फळ्या कुजलेल्या, रेग्झिन फाटून फोम बाहेर, डॅशबोर्डला तडे आणि पावसात दोन्ही दारातनं पाणी आत. आता 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनाच्या वरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, जुन्या गाड्यांना ती सक्ती नाही, पण ड्रायव्हर धाब्यावर शेजारच्या नव्या गाडीत डोकावून बघतोच की, आणि चांगला ड्रायव्हर टिकवायचा तर त्याला झोपायला नीट जागा पाहिजे. आमच्याकडं जे काका गाडीवर आहेत ते माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहेत, त्यांच्या पाठीसाठी म्हणून हे काम काढलं होतं.

हायवेलगत एक दुकान आहे, बाहेर चार-पाच गाड्या कायम कामाला उभ्या, मोबाईलवर झालेल्या कामांचे फोटो, मालक बोलायला एकदम गोड. "दादा तुम्ही फक्त चावी द्या, गाडी नवरीसारखी सजवून देतो." चिठ्ठीवर लिहून दिलं, 40 डेन्सिटीचा फोम, 12 एमएम मरीन प्लाय, फ्लोअरचा गंजलेला पत्रा कापून नवीन पत्रा आणि रेड ऑक्साईड (गंज रोखणारा लाल रंग), दाराचं नवीन बिडिंग (पाणी अडवणारी रबराची पट्टी), एलईडी पट्ट्या, फॅन, टेप, त्यासाठी 24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, आणि बाहेरनं बंपर, ग्रील, मडगार्ड काळं करून वर स्टीलच्या पट्ट्या. सगळं मिळून 1,10,000 रुपये, त्यातले 60,000 ॲडव्हान्स.

गाडी ताब्यात घेतली तेव्हा खरंच डोळे दिपले, डॅशबोर्ड आरशासारखा चमकत होता, आत अत्तराचा वास, सीटवर लाल-काळं रेग्झिन, शिलाई सुद्धा सुबक. हीच चमक बघून माणूस बाकीचे पैसे मोजतो आणि त्यांचा धंदा यावरच चालतो.

पहिली तक्रार काकांनी गुजरातच्या बॉर्डरवरनं फोन करून सांगितली, "शेठ, समोरच्या काचेत सगळा डॅशबोर्ड दिसतोय, दुपारी पुढचा रस्ता नीट दिसंना." डॅशबोर्डला सिलिकॉनचं तेलकट पॉलिश फासलं होतं, त्यानं ऊन काचेवर परावर्तित होतं आणि धूळ पण चिकटून बसते, शिवाय तेच पॉलिश स्टिअरिंगला लावलेलं म्हणजे हात घसरतोय. अहो घाटात भरलेली गाडी उतरवताना स्टिअरिंग घसरलं तर काय होईल याचा विचार करणारा माणूस असलं काम करेल का.

मग बॅटरीचं प्रकरण. मोठ्या ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून 24 व्होल्ट करतात, आणि टेप किंवा फॅन 12 चा असला की मध्ये कन्व्हर्टर लागतो. या लोकांनी कन्व्हर्टरचे पैसे घेतले आणि वायर सरळ दोनपैकी एकाच बॅटरीवर मारली. अशानं ती एक बॅटरी कायम उतरत राहते आणि अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) दोघींना मिळून एकच चार्ज देत असल्यामुळं दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उकळून उडवते. वापीत गाडी स्टार्ट होईना म्हणून वायरमन बोलवला, त्यानं मीटर लावून काकांना दाखवलं, गाडी चालू असताना एकीवर पंधराच्या वर व्होल्ट, दुसरीवर तेराच्या पण खाली. दोन्ही बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. त्याहून वाईट म्हणजे त्या वायरला फ्यूजच नव्हता आणि ती फोमच्या खालनं ओढलेली होती, तिथं एक शॉर्ट झाला असता तर झोपलेल्या माणसाला उठायला वेळ मिळाला नसता, फोम पेटतो झटकन आणि त्याचा धूर विषारी असतो. हे आठवून माझ्या पोटात आजही गोळा येतो म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

गाडी परत आली तेव्हा आमच्या ओळखीच्या कुशनवाल्याकडनं झोपायची गादी उसवून घेतली. 40 डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो, हे त्यानंच समजावलं. आमची गादी सहा फूट बाय सव्वादोन फूट, चार इंच जाड, म्हणजे वजन पाच किलोच्या आसपास भरायला पाहिजे, काट्यावर ठेवली तर अडीच किलो पण भरेना. काकांची पाठ पहिल्या खेपेतच फळीला का टेकत होती ते तेव्हा कळलं. आणि फक्त वजनावर पण जाऊ नका, चुरा चिकटवून केलेला रंगीबेरंगी फोम वजनाला भरपूर भरतो, तो खालच्या थराला चालतो पण त्याचा दर वेगळा असतो, म्हणून कापून आतला रंग बघायचा.

प्लायचं तेच. मरीन प्लायवर आयएसआय मार्कसोबत IS 710 असा शिक्का असतो, आमच्याकडं निघाला साधा कमर्शियल प्लाय, कडेला पाणी लागून थर सुटायला पण लागले होते. मॅट उचलली तर गंजलेला पत्रा जागच्या जागी, वर पुट्टी भरून डांबरी शीट चिकटवलेली. मॅटखाली पाणी साठलेलं कारण दाराचं बिडिंग जुनंच, काळं दिसावं म्हणून त्याला डिझेल पुसलेलं. रबर डिझेलनं फुगतं आणि मऊ पडतं, त्यामुळं आधीपेक्षा जास्त गळती. बंपर आणि मडगार्डला पण रंग नाहीच, नुसतं तेलाचं पाणी, दोन पावसात परत पांढरे पडले, आणि स्टीलच्या पट्ट्या म्हणजे चिकटवलेलं क्रोमचं प्लास्टिक.

सगळ्यात राग आला तो ड्रायव्हर सीटचा. आमची मूळ फ्रेम जाड स्लायडरची होती, ती काढून ॲंगल वेल्ड केलेली कसलीतरी फ्रेम बसवली, ब्रेक मारला की सीट पुढं सरकायची. विचारलं तर म्हणे सडली होती, भंगारात गेली. आमच्याकडं काम द्यायच्या आधीचे फोटो होते, त्यात फ्रेम धडधडीत चांगली दिसतेय.

फोटो, वायरमनची पावती आणि फोमचं वजन घेऊन आम्ही दोन-तीन गाडीवाले मिळून गेलो तेव्हा मालकाचा सूर बदलला, "एवढ्या पैशात एवढंच होतं." चिठ्ठीवरचा जीएसटी नंबर महाराष्ट्राच्या 27 नं सुरू होणारा, अक्षरं-आकडे मिळून पंधरा, बरोबर दिसत होता, पण जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर तो रद्द झालेला निघाला. हे लॉगिन न करता मोबाईलवर कुणालाही बघता येतं. खूप आरडाओरडा झाल्यावर सीटची फ्रेम आणि कन्व्हर्टरचे मिळून 15,000 परत दिले, बाकीचे अजून अडकलेत. 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवलीय. धंद्यासाठी करून घेतलेल्या कामाला ग्राहक कायदा लागू होत नाही असं सांगून तो दुकानवाला आम्हाला घाबरवत होता, पण स्वतः राबून त्यावरच पोट भरणाऱ्यासाठी 2019 च्या कायद्यात वेगळी तरतूद आहे, त्यामुळं एका गाडीच्या मालकानं आधीच हात टेकू नयेत, वकिलाला विचारावं.

आता काम दुसरीकडं परत चालू आहे, पैसे टप्प्यानं. पत्रा वेल्ड होऊन रेड ऑक्साईड मारला की बघायला जायचं आणि पहिला हप्ता द्यायचा, प्लायचा शिक्का बघून दुसरा, फोम आमच्यासमोर काट्यावर ठेवून तिसरा, आणि रेग्झिन त्यानंतरच चढवायचं. नवीन मिस्त्रीला हे सांगितलं तर तो एका शब्दानं नाही म्हणाला नाही, उलट वायरिंग झाकायच्या आधी त्यानंच फोन करून काकांना बोलावून फ्यूज कुठं आहे ते दाखवलं. तुमची गाडी सध्या कुठं केबिनच्या कामाला उभी असेल आणि रेग्झिन अजून चढलं नसेल तर उद्या सकाळीच जाऊन या.