इलेक्ट्रॉनिक सिल्हूट टार्गेटच्या नावाखाली 1,32,580 रुपयांना चुना, पुण्यातल्या एअरगनवाल्यांनी वाचा

आधी रक्कम सांगतो, म्हणजे पुढचं वाचाल. 1,32,580 रुपये. त्यात आमच्या ग्रुपमधल्या अकरा जणांची प्रत्येकी 8,000 वर्गणी म्हणजे 88,000, आणि वरचे 44,580 माझ्या खिशातले, कारण सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या गोष्टीची ऑर्डर देणारा बकरा मीच होतो.

आम्ही पानशेत रोडला एका मित्राच्या शेतावर एअर रायफल सिल्हूट खेळतो, म्हणजे प्राण्यांच्या आकाराच्या छोट्या लोखंडी प्लेटा छर्र्याने पाडायच्या. कोंबडी 20 यार्ड, डुक्कर 30, टर्की 36, मेंढा 45, पाच-पाचची रांग, उभ्याने मारायचं, डावीकडून उजवीकडे. दरवेळी भांडण एकच, पडलं का नाही. मेंढा नुसता वळला, हलला, ठण्ण वाजला तरी उभा राहिला की मिस, पण मारणारा कधी ऐकतो का! शिवाय घरची मंडळी येतात, त्यांना 45 यार्डावरची बोटभर प्लेट दिसत नाही, मग स्क्रीन असेल तर मजा येईल असं सगळ्यांचंच मत होतं. सगळ्यांचंच, हे परत लिहितोय, कारण आता ग्रुपवर दोघं जण म्हणतायत की आम्ही तेव्हाच बोललो होतो. काही बोलला नव्हतात.

तर एक गृहस्थ ओळखीतून आले. गोड बोलणं, गळ्यात आयडी कार्ड, बालेवाडीच्या शूटिंग रेंजवरच्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटबद्दल फाडफाड माहिती. कोटेशन असं: प्लेटच्या मागे लावायचे, हिट झाली की स्क्रीनवर दाखवणारे 20 सेन्सर, एकाला 4,200, म्हणजे 84,000. रिसिव्हर आणि टॅब 22,000. वर 18 टक्के जीएसटी 19,080. एकूण 1,25,080. निम्मे आधी, निम्मे माल निघताना.

आता डेमो. इथेच माझं डोकं फिरतं. त्याने शेतावर येऊन दोन कोंबड्या आणि एक टर्की लावली, मागे काळी डबी चिकटवली, टॅब आमच्या हातात दिला. मी मारलं, टर्की पडली, स्क्रीनवर हिरवा दिवा आणि खाली आकडा, 10.4.

10.4! टर्कीला! अरे सिल्हूटमध्ये आकडा असतोच कुठे? दशांशाचे गुण 10 मीटरच्या गोल टार्गेटला, जिथे मधला ठिपका अर्धा मिलिमीटरचा आणि जास्तीत जास्त 10.9 मिळतात. तिथे गोळी कुठे लागली ते मायक्रोफोनने किंवा इन्फ्रारेडने मोजतात. लोखंडी टर्कीला मधोमध लागून ती उभी राहिली तर शून्य आणि पायाला खरचटून पडली तरी पूर्ण गुण, त्यात 10.4 आलं कुठून? मी विचारलं. हो, विचारलं होतं! तो म्हणाला, सॉफ्टवेअर युनिव्हर्सल आहे साहेब, सेटिंगमध्ये बंद करून देतो. आणि मागे उभी असलेली आमची मंडळी 10.4 बघून टाळ्या पिटत होती. फोटो काढले, स्टेटसला टाकले.

मग आमच्या एका काकांचा नेम पार चुकला, छर्रा मागच्या मातीच्या बांधात गेला, टर्की जागची हलली नाही, तरी स्क्रीनवर हिट. त्यावर हा म्हणे शेजारच्या प्लेटवरून शिशाचे तुकडे उडतात, सेन्सिटिव्हिटी कमी करावी लागेल. आता हे खोटं नाहीये. कंपनावर चालणाऱ्या सेन्सरला तुकड्यांनी, खडीने, खोटी हिट लागते, हे जगभर सगळ्यांनाच माहिती आहे. थोडं कमी माहिती असतं तर कदाचित वाचलो असतो. ज्याला काहीच कळत नाही तो म्हणाला असता, लागलं नाही तरी लागलं दाखवतंय, जा घरी.

पहिले 62,540 यूपीआयने दिले. खातं कंपनीच्या नावावर नव्हतं, कुठल्या तरी बाईंच्या नावावर. ऑडिट चालू आहे म्हणाला. मग परत 62,540. मग कॅलिब्रेशनचे 7,500, तेही दिले, कारण तोवर एवढे अडकले होते की साडेसात हजारासाठी मोडता कशाला घालायचा.

खोका आला. मी घरी टेबलावर मांडलं, टॅब लावला, आत कुकरची शिट्टी झाली आणि स्क्रीनवर टर्की, हिट, 9.8. दुसरी शिट्टी, मेंढा, 10.1. बायको बाहेर येऊन म्हणाली, काय पडलं? डबी स्क्रू काढून उघडली तर आत तपकीर गल्लीत मिळतं ते टाळी वाजवली की दिवा लागणारं किट. म्हणजे डेमोत ते रायफलचा आवाज ऐकत होतं आणि ॲप मनाने आकडे फेकत होतं. काही डब्यांत तेही नाही, नुसता एलईडी आणि कापूस. कापूस!

जीएसटी नंबर आधी तपासा, जीएसटीच्या साइटवर लॉगिनशिवाय दिसतो. त्याच्या बिलावर पत्ता बेंगळुरूचा आणि नंबर 27 ने सुरू, 27 म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक 29. तपासला तर रजिस्ट्रेशन रद्द.

आता पुढचं ऐका. चौकीत गेलो. सेन्सरची फसवणूक एका वाक्यात ऐकून घेतली आणि पुढचा सगळा वेळ एकच प्रश्न, बंदूक कुठंय, लायसन दाखवा. अहो .177 ची एअर रायफल, 20 ज्यूलच्या आतली, 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन लागत नाही. "असं लिहून आणा कुणाकडून तरी." कुणाकडून? संसदेकडून? मग म्हणाले पैसे ऑनलाइन गेले ना, सायबरला जा. सायबरला म्हणाले माणूस प्रत्यक्ष भेटला ना, मग चौकीत जा. परत चौकीत, आता वेगळे साहेब, त्यांचं म्हणणं माल मिळालाय म्हणजे सिव्हिल मॅटर. कापूस मिळालाय साहेब! बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाल्या ट्रान्झॅक्शन तुम्हीच ॲप्रूव्ह केलंय. हो मीच केलंय, चोराने थोडंच माझ्या अंगठ्याने केलं, प्रश्न ते खातं गोठवायचा होता. त्यावर "मेल करा". मेलला ऑटो रिप्लाय. एवढ्या लोकांपैकी एकानेही त्या बाईंचं खातं उघडून बघितलं नाही, ज्यात आमचे पैसे नावानिशी, तारखेनिशी पडलेत. बंदुकीत मात्र सगळ्यांना भलताच इंटरेस्ट.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, सकाळची वाट बघू नका. चौकीत हद्दीचं कारण दिलं तरी तक्रार घ्यावीच लागते, हे ठणकावून सांगा, नवीन कायद्यात फसवणुकीचं कलम 318 आहे, जुनं 420. ग्राहक आयोगात 5 लाखापर्यंत फी नाही आणि तुम्ही राहता तिथे केस टाकता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. मी टाकतोय. 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, पण फोन करून ठेवा. आणि डेमो घेताना एक छर्रा मुद्दाम बाहेर मारा, नुसती टाळी वाजवा, प्लेट हाताने पाडा, तिन्ही वेळा स्क्रीन काय म्हणते बघा. खरं तर सिल्हूटला प्लेट पडल्याचं कळायला हवं, वाजल्याचं नाही, आणि त्यासाठी एक माणूस, एक स्पॉटिंग स्कोप म्हणजे लांबचं बघायची दुर्बीण, एक पेन्सिल पुरते. हे मला ग्रुपवर तिघांनी आता सांगितलं. आता!

हाच माणूस नाशिक, कोल्हापूरकडच्या क्लबमध्येही फिरतोय असं कानावर आलंय. कुणाला असं कोटेशन आलं असेल, 10.4 वाला डेमो झाला असेल, तर पैसे थांबवा आणि बिलाचा फोटो मला पाठवा, तक्रारदार जास्त झाले तर निदान फाइल तरी हलेल. मला गुरुवारी परत चौकीत बोलावलंय, पावती घेऊन या म्हणाले. सेन्सरची नव्हे, रायफलची.