इन्व्हर्जन मोजायला मर्ज सॉर्ट की फेनविक ट्री?

प्रोग्रामिंग कॉन्टेस्टमधला नेहमीचा प्रश्न: परम्युटेशन, म्हणजे १ ते एन हे आकडे कुठल्यातरी क्रमाने, दिलंय, एन दोन लाखांपर्यंत, इन्व्हर्जन मोजा, म्हणजे मोठा आकडा आधी आणि लहान नंतर अशा जोड्या किती ते सांगा. प्रत्येक जोडी तपासणारे दोन लूप इथे वेळेत बसणार नाहीत हे प्रश्न वाचतानाच कळतं, त्यामुळे ते सोडून देऊ. मर्ज सॉर्टवर हात बसवायचा की फेनविक ट्रीवर, हे ठरवायचंय. दोन्हींना लागणारा वेळ एन लॉग एन या प्रमाणात वाढतो. वेगावरून निवड करावी इतका फरक मला तरी सबमिशनमध्ये कधी जाणवला नाही. कुणाच्या मशीनवर वेगळं दिसत असेल तर माझं भांडण नाही.

मर्ज सॉर्ट म्हणजे ॲरेचे दोन अर्धे वेगवेगळे सॉर्ट करून मग एकत्र मर्ज करणं. त्याचा मोठा गुण म्हणजे ते आधीच येत असतं. मर्ज करताना उजव्या अर्ध्यातला घटक आधी उचलला गेला, की डाव्या अर्ध्यात जेवढे शिल्लक आहेत तेवढे बेरजेत टाकायचे. मूळ कोडमध्ये एका ओळीची भर. किमती, म्हणजे ॲरेतले आकडे, उणे असोत की १०० कोटींपर्यंत असोत, त्याला काही पडलेली नसते. समान किमती आल्या तर डावीकडचा आधी घ्यायचा, एवढंच पथ्य.

फेनविक ट्री म्हणजे नोंदी वाढवत असतानाच अमुक निर्देशांकापर्यंतची बेरीज चटकन सांगणारी रचना. इथे ते किमतींवर उभं राहतं, म्हणजे किंमत हाच निर्देशांक. डावीकडून चालत जायचं, प्रत्येक घटकापाशी ‘आतापर्यंत माझ्याहून मोठे किती येऊन गेले’ हे विचारायचं आणि मग त्याची नोंद करायची. पीटर फेनविक यांनी १९९४ मध्ये ही रचना मांडली ती डेटा कॉम्प्रेशनमधल्या वारंवारतेच्या तक्त्यांसाठी. आपण ती इन्व्हर्जनला जुंपली. अपडेट आणि क्वेरी मिळून जेमतेम आठ-दहा ओळी होतात. खोड एकच: निर्देशांक शून्य दिला तर अपडेटचा लूप जागचा हलत नाही, कारण लूप निर्देशांकात त्याचाच शेवटचा चालू (१ असलेला) बिट मिळवत पुढे सरकतो, आणि शून्यापाशी मिळवायला शून्यच. ० पासून सुरू होणारं परम्युटेशन असेल तर सगळीकडे एक मिळवायचा. किमती मोठ्या असतील तर आधी त्यांच्या जागी लहान-मोठ्या क्रमानुसार १, २, ३ असे आकडे द्यावे लागतात (यालाही कॉम्प्रेशनच म्हणतात), पण परम्युटेशनमध्ये किमती मुळातच १ ते एन, म्हणजे ते काम फुकटात झालेलं असतं.

आता माझ्या कटकटीकडे येतो. कॉन्टेस्टमध्ये ‘एकूण इन्व्हर्जन सांगा’ एवढंच विचारणारे प्रश्न मला फार कमी भेटले. बहुतेकदा पुढे एक शेपूट असतं: प्रत्येक घटकाच्या डावीकडे त्याच्याहून मोठे किती? कोणाला जास्तीत जास्त जणांनी ओलांडलं? ३ १ ४ ५ २ घ्या. फेनविक चालत जाताना ०, १, ०, ०, ३ असे आकडे देतं. बेरीज ४, आणि त्यातले तीन एकट्या २ चे आहेत हे समोर दिसतं. मर्ज सॉर्टही ४ च सांगतं. डाव्या अर्ध्यात ३ १ मधला एक, उजव्या अर्ध्यात ४ ५ २ मधले दोन, शेवटच्या मर्जमध्ये ३ च्या आधी २ उचलला त्याचा एक. पण २ चे तीन इथे वेगवेगळ्या पातळ्यांवर वाटले गेले. ते परत गोळा करायचे तर किंमत आणि मूळ जागा अशी जोडी वाहून न्यायची, वेगळा ॲरे ठेवायचा, प्रत्येक पातळीवर योग्य खान्यात भर घालायची. करता येतं, करणारे करतातही. शिवाय काम संपेपर्यंत मूळ ॲरे सॉर्ट होऊन गेलेला असतो. पुढे तो लागणार असेल तर आधीच प्रत काढून ठेवा. सगळ्यांच्या वर्गणीची पिशवी मोकळी करून कोणी किती भरले ते विचारावं, तशातली गत. याच वैतागाने मी फेनविककडे वळलो आणि तिथेच राहिलो.

नंतर त्याचे आणखी फायदे दिसले. डावीकडच्या मोठ्यांचे आकडे देऊन परम्युटेशन परत बांधा, असा उलटा प्रश्न आला तर शेवटापासून उरलेल्यांतला अमुकावा मोठा शोधायचा असतो, आणि फेनविकमध्ये मोठ्या बिटापासून लहान बिटाकडे एकेक उडी घेत तो लॉग एन मध्ये सापडतो.

दोन्हीत बेरीज मात्र लाँग लाँगमध्येच (६४ बिटांच्या पूर्णांकात) ठेवा. दोन लाखांचं उलटं परम्युटेशन १९,९९,९९,००,००० इन्व्हर्जन देतं आणि साधा इंट २१४ कोटींच्या पुढे जात नाही.

आणि इन्व्हर्जनची संख्या सम की विषम एवढंच विचारलं असेल तर दोन्ही बाजूला ठेवा: एन मधून सायकलींची संख्या वजा करा, तीच समविषमता मिळते. सायकल म्हणजे एका जागेवरचा आकडा बघून त्या क्रमांकाच्या जागेवर जायचं, असं करत मूळ जागी परत येणारी साखळी. वरच्या उदाहरणात १ वरून ३, ४, ५, २ करत परत १, अशी एकच सायकल. ५ उणे १ म्हणजे ४, सम.

तुमचे प्रश्न बहुतेक किमती मोठ्या, फक्त एकूण हवं अशा धाटणीचे असतील, तर मर्ज सॉर्ट सोडायला मी सांगणार नाही. परम्युटेशनचेच जास्त सोडवत असाल, तर फेनविकच्या त्या आठ-दहा ओळी न बघता लिहिता येतील इतक्या घोटून घ्या.