६०० ग्रॅमचा भाला: तीन महिन्यांच्या सरावानंतर

मी मुलींना भालाफेक शिकवते. हा अ‍ॅल्युमिनियमचा ६०० ग्रॅमचा भाला आला, तेव्हा आधी काट्यावर ठेवला: ६०३ ग्रॅम. स्पर्धेत ६०० पेक्षा कमी चालत नाही, त्यामुळे हे तीन ग्रॅम मला हवेच होते. मग बोटावर आडवा तोलला. गुरुत्वमध्य टोकापासून साधारण ९० सेंटीमीटरवर, नेमका पकडीखाली, म्हणजे भाला धरायला दांड्यावर दोरी गुंडाळलेली असते तिथे. नियमात बसतो.

हवेत तो फारसा थरथरत नाही, आणि टोक वेळेवर खाली येतं. नवख्या मुलींसाठी हे फार मोलाचं आहे. टोक आधी टेकलं नाही तर फेक बाद, मग ती कितीही लांब जावो! १९९९ साली महिलांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला, तो अशा सपाट पडणाऱ्या भाल्यांमुळेच.

तक्रार एकच, पण मोठी. दोरी. दुसऱ्याच महिन्यात मागच्या कडेचे वेढे सैल झाले. मधलं बोट तिथेच अडकवून भाला खेचायचा असतो. वेढा सरकला की जोर निसटतो आणि भाला तिरका जातो. शिवाय पकडीची जाडी सगळीकडे सारखी लागते, त्यामुळे अशा अवस्थेत तपासणीत तो नाकारलाच जाईल. मी दोरी काढून स्वतः घट्ट गुंडाळली, तेव्हापासून ठीक आहे.

सरावाला जरूर घ्या. स्पर्धेला नेण्याआधी मात्र दोरी अंगठ्याने दाबून बघा.