अपोलो इन रिअल टाइम : हेडफोन लावा आणि १०२ तास ३८ मिनिटांवर जा

गेले तीन आठवडे रोज रात्री ही वेबसाइट लावतोय, आता राहवत नाही म्हणून लिहितो. बेन फाइस्ट आणि त्याच्या टीमने बनवलीये, फुकट आहे. अपोलो ११, १३ आणि १७ या तीन मोहिमा जशा घडल्या तशा सेकंदाला सेकंद जुळवून ठेवल्यात, म्हणजे रेडिओवरचं बोलणं, फिल्म, फोटो, टीव्हीचं चित्रण, जे ज्या क्षणाचं ते त्याच क्षणाला समोर येतं. उड्डाणाच्या एक मिनिट आधीपासून बघा नाहीतर मधेच कुठेही उडी मारा.

पण खरा खजिना मिशन कंट्रोलच्या आवाजांचा. ह्यूस्टनला कोण हेडसेटवर काय बोलतंय ते टेप होत होतं, एकेका टेपवर ३० ट्रॅक, आणि या टेप वाजवू शकणारं एकच जुनं मशीन उरलं होतं, तेही एका वेळी एकच ट्रॅक वाचणारं! डॅलसच्या टेक्सास विद्यापीठातल्या लोकांनी सगळे ट्रॅक एकदम वाचणारं हेड करून घेतलं तेव्हा कुठे ते ऐकण्याजोगं झालं. एकट्या अपोलो ११ चं हे ऑडिओ ११,००० तासांचं आहे.

आता करायचं काय, तर अपोलो ११ उघडून सरळ १०२ तास ३८ मिनिटांवर (उड्डाणापासून मोजलेली वेळ) जायचं. ईगल, म्हणजे चंद्रावर उतरणारं यान, खाली उतरतंय आणि आर्मस्ट्राँग सांगतो, प्रोग्राम अलार्म. १२०२. म्हणजे यानातल्या कॉम्प्युटरचा इशारा. शब्द शांत आहेत पण आवाजातली घाई कळते. ह्यूस्टनला गाइडन्सच्या, म्हणजे यानाचा मार्ग आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या, टेबलावर स्टीव्ह बेल्स, वय २६, आणि त्याला मागच्या खोलीतून मदत करणारा जॅक गार्मन, वय २४. काही दिवसांपूर्वीच्या सरावात असाच एक अलार्म आला होता आणि तेव्हा त्यांनी उतरणं रद्द केलं होतं, जे चूक ठरलं, म्हणून मग गार्मनने सगळ्या अलार्मची हाताने यादी लिहून ठेवली होती. तीच कामाला आली. रडारकडून नको ते सिग्नल येऊन कॉम्प्युटरवर ताण पडत होता, पण तो बिनमहत्त्वाची कामं बाजूला टाकून महत्त्वाची चालू ठेवत होता, म्हणजे उतरता येणार होतं. अलार्म वाजल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत ह्यूस्टनहून अंतराळवीरांशी बोलणारा चार्ली ड्यूक वर कळवतो, गो, म्हणजे उतरत राहा. मी हा तुकडा सात-आठ वेळा ऐकला असेल, आणि दरवेळी तेवढा वेळ श्वास रोखलेला असतो.

आपण लहानपणापासून आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉलिन्स एवढी तीन नावं पाठ केली. इथे पहिल्यांदा कळतं की त्या रात्री चंद्रावर उतरवणारी एक अख्खी खोली होती आणि त्यातली बरीचशी पोरं तिशीच्या आतली होती.

लॅपटॉपवरच बघा, टाइमलाइनच्या पट्ट्या, फोटो, चॅनल असं सगळं एकाच स्क्रीनवर असतं, मोबाईलवर मजा नाही. अन् सुरुवातीला काही समजणार नाही, सगळं संक्षेपातलं इंग्रजी, फिडो काय, इकॉम काय (ही तिथल्या टेबलांची नावं). दोन-तीन रात्री नुसतं कानावर पडू द्या, मग आवाज ओळखीचे होतात. तासनतास काहीच न घडणारा भाग पण सोडू नका. वरच्या यानात एकटा फिरत राहिलेला कॉलिन्स दर फेरीला चंद्राच्या मागे जातो, पाऊण तासाहून जास्त वेळ कुणाशीच संपर्क नाही, आणि इकडे ह्यूस्टनला लोक हळू आवाजात आपापली कामं करत असतात. मला तर उतरण्याच्या खालोखाल हेच आवडलं.

तेरावर मी जास्त लिहीत नाही, ती गोष्ट सगळ्यांना माहितीये, पण यानातली ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर इकॉम साय लीबरगॉटच्या (यानातली वीज आणि ऑक्सिजन बघणारा) टेबलावरचं बोलणं ऐकाच, आधी त्याला वाटतं मोजणाऱ्या यंत्रांचीच गडबड आहे.

सध्या अपोलो १७ चालू आहे, डिसेंबर १९७२. सर्नन आणि श्मिट गाडी घेऊन शॉर्टी विवराकडे निघालेत, नारिंगी माती अजून सापडायचीये.