१६. आर. ४. ११४ : जर्मन संगिनीवरच्या खोट्या शिक्क्याने झालेली फसवणूक

पहिल्या महायुद्धातल्या जर्मन संगिनींवर पलटणीचे शिक्के असतात. ज्या संगिनीवर असा शिक्का आहे तिला कोऱ्या, म्हणजे शिक्का नसलेल्या, संगिनीपेक्षा बराच जास्त भाव मिळतो, आणि पलटण नावाजलेली असेल तर विचारायलाच नको. म्हणूनच हे शिक्के आता नव्याने मारले जात आहेत. मला असाच एक विकला गेला. विकणाऱ्याची पद्धत इतकी विचारपूर्वक आखलेली होती की जुन्या लष्करी वस्तूंचा नाद असलेल्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी.

मी जर्मनीत ऱ्हाईनच्या काठी राहतो, नोकरी यंत्रांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. आजोळ खडकीचं. खडकी म्हणजे बॉम्बे सॅपर्सचं, लष्कराच्या अभियंता दलाचं, ठाणं. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या १९१४ साली लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या आणि २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीच्या जोडीने नव्ह-शापेल गावात घुसल्या. घराघरांतून संगिनीची लढाई झाली. त्या दिवशी दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. आज त्या गावाबाहेर १९२७ साली उघडलेलं भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, त्यावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. त्या लढाईतली, समोरच्या बाजूची एखादी वस्तू आपल्याकडे असावी असं मला फार वाटायचं. जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन बाजारात मी तशी मागणी टाकली आणि कारणही लिहिलं. विकणाऱ्याला सगळा कच्चा माल तिथेच मिळाला.

त्याने पाठवलेल्या फोटोत ९८/०५ नमुन्याची संगीन होती. टोकाकडे रुंद होत जाणारं, साधारण ३७ सेंटीमीटरचं पातं, लाकडी मूठ, पात्याच्या बुडाशी झोलिंगनच्या एका कारखान्याचं नाव. क्रॉसगार्डवर, म्हणजे मूठ आणि पातं यांमधल्या आडव्या दांडीवर, शिक्का : १६. आर. ४. ११४.

हा शिक्का कसा वाचायचा ते त्याने मला फार छान शिकवलं. आणि शिकवलं ते सगळं खरं होतं! पहिला आकडा रेजिमेंटचा. ‘आर’ म्हणजे रेजिमेंट, आणि पुढेमागे दुसरं अक्षर नसेल तर पायदळाची. मग कंपनीचा नंबर, शेवटी त्या कंपनीतल्या शस्त्राचा नंबर. ‘आर’ दोनदा असेल तर राखीव रेजिमेंट. सुरुवातीला ‘बी’ असेल तर बव्हेरियाची. ‘पी’ असेल तर पायोनियर, म्हणजे त्यांचे सॅपर. ‘जे’ असेल तर येगर, म्हणजे हलक्या पायदळाची, बटालियन. हे सगळं १९०९ च्या लष्करी नियमावलीत ठरवून दिलेलं होतं. संग्राहक तिला डी.व्ही.ई. १८५ या क्रमांकाने ओळखतात. कुठलं अक्षर कुठे, टिंब कुठे, म्यानावर काय, सगळं त्यात आहे. तेव्हाच्या पायदळ रेजिमेंटमध्ये तीन बटालियन आणि प्रत्येकीत चार, अशा बारा रायफल कंपन्या असत आणि एका कंपनीत युद्धकाळात अडीचशेच्या आसपास माणसं. म्हणजे चौथी कंपनी आणि ११४ वं शस्त्र, सगळं चौकटीत बसणारं. १६ वी रेजिमेंट व्हेस्टफालियाची, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या प्रशिया या राज्याच्या सैन्यातली, आणि मार्च १९१५ च्या मोठ्या लढाईत नव्ह-शापेलच्या खंदकांत ती होती हे इतिहासात नोंदलेलं आहे.

आपण स्वतः कोडं सोडवलं की उत्तर खरं वाटतं. या धंद्याचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. शिक्क्याचा अर्थ लागणं आणि शिक्का अस्सल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमावली संग्राहकांना उपलब्ध आहे तशी ती खोटे शिक्के मारणाऱ्यालाही उपलब्ध आहे. चुकीचा कंपनी नंबर टाकणारे अडाणी लोक आता या धंद्यात फारसे उरलेले नाहीत.

संगिनीबरोबर त्याने एक ‘तज्ज्ञ अहवाल’ दिला. टंकलेला, खाली रबरी शिक्का आणि सही. त्यात लिहिलं होतं की ११४ नंबरचं शस्त्र चौथ्या कंपनीतल्या अमुक सैनिकाला दिलेलं होतं आणि तो २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह-शापेलला पडला. सैनिकाचं नाव, गाव, सगळं. मी त्या दिवसाबद्दल लिहिलं होतं, आणि त्याच दिवसाचा माणूस मला मिळाला.

हे नाव कुठून आलं असेल? जर्मन सैन्याने युद्धकाळात मृत, जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या याद्या छापल्या होत्या. त्या आज इंटरनेटवर शोधता येतात, रेजिमेंट आणि कंपनीसकट. पण त्या याद्यांत शस्त्राचा नंबर नसतो. शस्त्राच्या नंबरावरून माणसापर्यंत पोचायचं तर कंपनीचीच वही हवी, आणि प्रशियाच्या सैन्याची कागदपत्रं पॉट्सडामच्या लष्करी अभिलेखागारात होती. १४ एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांतला फार मोठा भाग जळून गेला. बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्गची कागदपत्रं म्युनिक, ड्रेस्डेन, श्टुटगार्टला असल्यामुळे बरीच वाचली. म्हणून गोष्ट रचायला प्रशियाची पलटण सोयीची, कारण तपासायला कोणी गेलं तरी हाती राख लागते. प्रशियन संगिनीच्या नंबराला माणसाचं नाव चिकटवून कोणी विकत असेल तर तिथेच व्यवहार थांबवा.

मी त्याच्याकडे पात्याच्या पाठीचा फोटो मागितला होता. पाठीवर, मुठीजवळ, मुकुट, त्याखाली राजाचं आद्याक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे विल्हेल्म. प्रशियाचा राजा (तोच जर्मन कैसर) आणि व्युर्टेम्बर्गचा राजा दोघंही दुसरे विल्हेल्म, त्यामुळे तिथे मुकुटाचा आकार बघून राज्य ठरवावं लागतं. सॅक्सनीचं ‘एफ ए’, फ्रीडरिश आउगुस्टचं. बव्हेरियाचं ‘एल’. त्याने फोटो पाठवला, पण वरून झगझगीत दिवा मारलेला. मुकुट, डब्ल्यू, आणि ११. युद्धाआधीचं, १९११ सालचं पातं. ठीक.

पैसे देताना त्याने सुचवलं की ॲपवर ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडा, कमिशन वाचेल, ते मी किमतीतून कमी करतो. या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं, आणि त्याने तो सुचवला तो त्यासाठीच. ५८० युरो गेले. कोरी ९८/०५ त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मिळते.

संगीन हातात आल्यावर मी ती आमच्या प्रयोगशाळेतल्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठेवली. वरचा दिवा बंद केला आणि बाजूने, अगदी तिरका उजेड दिला.

आधी पाठीवरचं वर्ष. शिक्क्यातले आकडे इंग्रजी वळणाचे असतात, हे लक्षात घ्या. दुसऱ्या ‘१’ च्या डोक्याशी डावीकडे धातू गुळगुळीत होता आणि तेवढ्याच चौकोनात बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले होते. पंच, म्हणजे शिक्का ठोकायचा पोलादी ठसा, खोलवर बसला की आकड्याच्या तळाशी धातू दबतो. वरून कानस मारली तरी ती दबलेली खूण सहजासहजी जात नाही. तिरक्या उजेडात एक आडवी रेघ अंधुक दिसली. इंग्रजी सातची वरची रेघ घासून टाका, राहतो तो एक. पातं १९१७ चं होतं.

मग बाकीचं आपोआप जुळलं. १९१५ च्या आधीच्या ९८/०५ ला क्रॉसगार्डच्या वरच्या बाजूला दोन उंच ‘कान’ असतात. माझ्या संगिनीला नव्हते. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण पुढे जुन्या संगिनींचेही कान कापले गेले; पण कापल्याची जागा दिसते, आणि इथे कापलेलं काहीच नव्हतं. मुठीच्या पाठीला बंदुकीच्या ज्वालेपासून लाकूड वाचवणारा पत्रा होता. तो प्रकार युद्धातला. आधीच्या संगिनींना मागाहून बसवला गेला. शिवाय युद्धाआधी पायदळाच्या हातात बहुतांशी लांब, अरुंद पात्याची ९८ नमुन्याची संगीन होती. ९८/०५ तेव्हा पायोनियर आणि तोफखान्यासारख्या दलांकडे जास्त, पायदळात ती मोठ्या संख्येने आली ती युद्ध सुरू झाल्यावर. आणि युद्धाच्या उत्तरार्धात नव्या शस्त्रांवर पलटणीचे शिक्के मारणं बंद झालं होतं, त्यामुळे १९१७ ची संगीन बहुतेक वेळा कोरीच सापडते. खोटा शिक्का मारणाऱ्याला असाच कोरा क्रॉसगार्ड हवा असतो. जुनं काही घासायला नको.

आता शिक्का. जुन्या शिक्क्याच्या कडेला पंचाने वर ढकललेला धातू शंभर वर्षांच्या हाताळणीने, पुसण्याने, म्यानात-बाहेर होण्याने झिजून सपाट झालेला असतो. इथे तो वर आलेला धातू बोटाला लागत नव्हता, कारण त्यावर पॉलिश पेपर फिरवलेला होता. पण पेपरचे ओरखडे अक्षरांभोवतीच होते, दांडीच्या दुसऱ्या टोकाला नव्हते. अक्षरांच्या तळाशी काळपट रंग होता. टोकदार लाकडी काडीला ॲसिटोन लावून खरवडल्यावर तो सुटला आणि खाली उजळ पोलाद निघालं. सगळ्यात बोलकी खूण ‘आर’ च्या पायाशी होती. तिथे गंजाचा एक जुना खड्डा होता, आणि अक्षराचा पाय त्या खड्ड्यातून आरपार, खड्ड्याची कड मोडून गेला होता. शिक्का आधीचा असता तर गंजाने अक्षर खाल्लं असतं. इथे अक्षराने गंज कापला होता. म्हणजे शिक्का गंजानंतरचा.

म्यान वेगळ्याच संगिनीचं होतं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. म्यान पट्ट्याला अडकवायच्या हूकच्या वर, कानशीने घासलेल्या जागेत, एक अक्षर अर्धं उरलं होतं : ‘पी’, त्यापुढे टिंब आणि एका आकड्याची खालची कमान. कुठल्यातरी पायोनियर बटालियनचं अस्सल म्यान. खडकीच्या सॅपरचा जर्मन जोडीदार म्हणावा असा तो शिक्का, आणि खोट्या गोष्टीला आड येतो म्हणून तो कायमचा घासून टाकला होता. ज्या सैन्याच्या वह्या जळून गेल्यात, त्याच्या कुठल्या कंपनीकडे कुठल्या साली काय होतं हे सांगणारी खूण म्हणजे असे शिक्के. संग्राहक त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं जुळवत आले आहेत. एक खोटा शिक्का त्या नोंदीत गेला की पुढचा अभ्यास करणारा त्यावर विसंबतो. माझे पैसे गेले ते गेले, पण हे नुकसान कोणालाच भरून देता येणार नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवून पैसे परत मागितले. उत्तर आलं : खाजगी विक्री, वस्तू परत घेतली जाणार नाही, अहवाल हे एक मत आहे. त्यानंतर तो बोलेनासा झाला. जर्मनीत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की ‘परत घेणार नाही’ ही ओळ दोष मुद्दाम लपवणाऱ्याला वाचवत नाही. नागरी कायद्याचं कलम ४४४ तसं स्पष्ट सांगतं. कलम १२३ खाली फसवणुकीच्या कारणावरून व्यवहार रद्द करता येतो, आणि फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत ते कळवावं लागतं. मी रजिस्टर पत्राने कळवलं आणि पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. विकणारा स्वतःला खाजगी म्हणवत असला तरी त्याच्या नावावर एकामागून एक विक्री दिसत असेल, तर त्या पानांचे फोटो काढून ठेवा. तो व्यापारी ठरला तर दूरस्थ खरेदीत १४ दिवसांचा परतीचा हक्क लागू होतो.

अशी वस्तू भारतात नेण्याचा विचार असेल तर तोही आधीच थांबवा. शस्त्र कायदा १९५९ आणि सीमाशुल्क, दोन्ही आडवे येतात, आणि विमानतळावर ‘अँटिक आहे’ एवढ्यावर सुटका होत नाही.

घेण्याआधी विकणाऱ्याकडे क्रॉसगार्ड, पाठ आणि म्यानाचा हूक यांचे तिरक्या उजेडातले फोटो मागा. टॉर्च आडवा धरून काढलेला फोटो कोणीही दोन मिनिटांत पाठवू शकतो. टाळाटाळ झाली तर कारण शोधत बसू नका.

एक शेवटची, कामाची खूण. माझ्या शिक्क्यातल्या दोन्ही इंग्रजी ‘४’ च्या उभ्या रेघेच्या तळाशी, उजव्या बाजूला, पंचाचा टवका उडालेला आहे, त्यामुळे तिथे छोटी तिरपी खाच येते. याच विकणाऱ्याच्या जुन्या विक्रीतले फोटो मी मोठे करून पाहिले. गार्ड पलटणीची म्हणून विकलेल्या एका संगिनीवर, आणि एका येगर बटालियनच्या म्यानावर, ‘४’ ला नेमकी तीच खाच आहे. तीन वेगळ्या पलटणी, तीन वेगळी ठाणी आणि पंच एकच. तुमच्याकडे अलीकडे घेतलेली, टंकलेल्या अहवालासकट आलेली संगीन असेल आणि शिक्क्यात ‘४’ असेल, तर भिंगाखाली त्याचा पाय बघा. खाच दिसली तर पुसू नका, तेल लावू नका, आहे तसा फोटो काढा आणि तक्रारीला जोडा.