ट्रकचं इंजिन घरी बांधायचं, गॅरेजला द्यायचं की बदलूनच टाकायचं?

गणपती उठले की आमच्या निपाणी-चिकोडी भागात ट्रकवाल्यांची धांदल सुरू होते. उसाच्या वाहतुकीसाठी साखर कारखान्याचं बॉयलर पेटायच्या आत गाडी तयार पाहिजे. नेमकं तेव्हाच आठवतं, की गेल्या हंगामात तवंदी घाटात इंजिन निळा धूर ओकत होतं. खरं तर हा विचार जूनमध्ये करायचा, कारण कुठला मार्ग परवडतो हे पैशांपेक्षा हातात किती दिवस आहेत त्यावर जास्त ठरतं.

त्याआधी इंजिन खरंच गेलंय का ते बघा. काळा धूर असेल तर नोझल, पंप, एअर फिल्टर तपासा. निळा धूर टर्बोच्या सीलमुळे किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजल्यानंही येतो. पण ऑइलची टोपी काढल्यावर भकाभका वाफ येत असेल, दर दोन फेऱ्यांना ऑइल घालावं लागत असेल आणि चढाला दम लागत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि लाइनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) संपले असं समजायला हरकत नाही.

आता इंजिन बांधणं, म्हणजे खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवणं: घरी की गॅरेजला? बहुतेकांचा हिशोब इथंच चुकतो. घरी केलं की निम्म्यात भागतं असं वाटतं, पण ब्लॉकचं बोअरिंग (सिलिंडरची भोकं कातणं), क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं ग्राइंडिंग, हेडचं म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं फेसिंग (सपाट घासणं) घरी कोण करणार? ते बेळगावच्या उद्यमबागेत नाहीतर पलीकडं कोल्हापूरजवळच्या शिरोलीत न्यावंच लागतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केटही दोन्हीकडं घ्यावे लागतात. घरी होतं ते खोलणं, धुणं, मोजणं आणि जुळवणं. म्हणजे वाचते ती फक्त मजुरी, आणि तिच्या बदल्यात जातात दिवस. शेडमध्ये भक्कम तुळई, किमान एक टनाची चेन पुली, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) आणि बोअर गेज (भोकाचं माप घ्यायचं हत्यार) नसेल, तर ती मजुरीही वाचत नाही.

आम्ही दोघा भावांनी पहिल्यांदा केलं ते टाटाचं ६९७. सहा सिलिंडर, ५६७५ सीसी, बोअर ९७ मिलिमीटर. इलेक्ट्रॉनिक काही नाही, त्यामुळं धाडस झालं. पावसाळा होता, गाडी उभीच होती. क्रँकला धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या टोप्या काढताना त्यांवर पंचानं खुणा करायचं राहून गेलं. आईनं त्या रॉकेलच्या घमेल्यात स्वच्छ धुऊन ओळीनं वाळत ठेवल्या, चकचकीत! बसवून आवळल्यावर क्रँक हलेना. टोप्या ब्लॉकवर बसवूनच त्यांचं बोअर केलेलं असतं, त्यामुळं एकीच्या जागी दुसरी चालत नाही. अदलाबदल करून बघण्यात दोन दिवस गेले. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांचंही तेच, तेव्हा एकही बोल्ट सैल करायच्या आधी खुणा करा. आणि ग्राइंडिंग करून आलेल्या क्रँकच्या ऑइलच्या भोकांतून तार-ब्रश घाला, हवा मारा. आत राहिलेला कीस नवी बेअरिंग पहिल्याच फेरीत खातो.

गॅरेजमध्ये हा अनुभव आयता मिळतो, म्हणून घाई असेल तर मी गॅरेजच म्हणेन. पण गाडी सोडून घरी येऊ नका. क्रँक ०.२५ वर घासला की ०.५० वर (म्हणजे किती मिलिमीटर बारीक केला), हे स्वतः बघा, बेअरिंगच्या खोक्यावर तोच आकडा हवा. जुने पार्ट परत मागा. एका गॅरेजनं आमच्याकडून नव्या ऑइल पंपाचे पैसे घेतले आणि जुनाच धुऊन बसवला. कळलं ते पुढच्या वर्षी चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवल्यावर. शिवाय दसऱ्याच्या तोंडावर नंबर लागणं कठीण. 'आगतद री, नाडिद्द बर्री' (होईल हो, परवा या) हे ऐकत तिथंच चहा पीत बसायचं, आणि ते 'परवा' कधी उगवत नाही.

मधला एक मार्ग आहे, त्याचा विचार फार कमी लोक करतात. इंजिन न उतरवता चेसीवरच हेड आणि चेंबर काढायचं. एक-दोन बेअरिंग खोलून क्रँकवर नख फिरवायचं. नख अडकत नसेल, माप बसत असेल, आणि लाइनर वरून ओढून काढता येणारे, बाहेरून पाणी खेळणारे असतील, तर लाइनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग तिथंच बदलता येतात. नख अडकलं तर मात्र इंजिन उतरवण्याला पर्याय नाही. सुक्या लाइनरच्या ब्लॉकलाही प्रेस आणि बोअरिंग लागतंच.

तिसरा मार्ग तयार इंजिन आणून बसवण्याचा. दोन-तीन दिवसांत गाडी रस्त्यावर, हे खरं. पण आत क्रँक आधीच शेवटच्या मापाला घासलेला आहे का, हे वरच्या रंगावरून कळत नाही. शिवाय इंजिन नंबर बदलतो. आरसी बुकात तो आरटीओकडून बदलून घ्यावा लागतो: केए-२२ असेल तर बेळगाव, केए-२३ ला चिकोडी. सीमाभागात कितीतरी जणांच्या गाड्या एमएच-०९ च्या आहेत, त्यांना कोल्हापूर गाठावं लागतं. ते टाळलं तर अपघातानंतर विम्याच्या वेळी नंबर जुळत नाही. इंजिन कुठून आलं त्याची पावती नसेल, तर मी हातही लावणार नाही.

एप्रिल २०२० नंतरची, धुराच्या नव्या नियमांची बीएस-६ गाडी असेल, तर घरचा मार्ग सोडाच. कॉमन रेलचे इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा संगणक), धुराच्या गाळणीचे सेन्सर हे पान्याचं काम नव्हे.

कुठलाही मार्ग घ्या, एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत इंजिनाला हवा नेणारा होज मात्र नीट बघा. उसाच्या फडातल्या धुळीनं जुन्या रिंगा खाल्ल्या असतील आणि होजला चीर तशीच राहिली, तर नव्याही त्याच वाटेनं जातात. इंजिन चालू झाल्यावर ते तासन्‌तास स्लोवर ठेवू नका, तशानं रिंगा बसत नाहीत. अर्ध्या लोडनं सपाट रस्त्यावर पळवा, चोरला घाट नंतर. पाचशे ते हजार किलोमीटरच्या आत ऑइल आणि फिल्टर बदला.

आमच्या दुसऱ्या गाडीचा क्रँक यंदा ०.७५ वर गेला आहे. शेड आहे, हत्यारं आहेत, पण भावाला सुट्टी नाही आणि मी एकटा टोप्या आवळायला बसणार नाही. गाडी गॅरेजला लावली आहे, रोज सकाळी जाऊन बसतो.