‘२५ पैकी ७’: डीलरची लिमिटेड एडिशन गळ्यात कशी पडते

दरवाजाच्या उंबऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर कोरलेलं ‘२५ पैकी ७’. दोन्ही बाजूंना पट्टे, काळी चाकं, सीटच्या हेडरेस्टवर भरतकाम. गाडी कंपनीची, पण एडिशन डीलरची. हा फरक बहुतेक ग्राहकांना गाडी विकायला काढेपर्यंत कळत नाही, कारण दुसऱ्या शोरूमचा माणूस चासी नंबर संगणकात टाकतो आणि त्याला पडद्यावर साधं मॉडेल दिसतं. पट्टीचे तो शून्य रुपये धरतो.

लिमिटेड म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पोर्ट्‌स कार तीन वाटांनी येतात. पहिली, कंपनीनेच संख्या ठरवून काढलेली. दुसरी, डीलरने मागणी नोंदवलेली पण कारखान्यात बनलेली. २०१९ ची अ‍ॅस्टन मार्टिन डीबीएस सुपरलेजेरा कॉनकॉर्ड एडिशन अशी होती. ब्रिस्टलच्या डीलरने ती मागवली, खास ऑर्डरची कामं करणाऱ्या कंपनीच्या ‘क्यू’ विभागाने १० गाड्या बनवल्या आणि गिअर बदलायचे पॅडल कॉनकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाच्या इंजिनातल्या कॉम्प्रेसर ब्लेडच्या टायटॅनियमपासून घडवले. तिसरी वाट शोरूमच्या मागच्या वर्कशॉपमधून निघते: कारखान्यातून नेहमीची गाडी येते आणि तिथे तिला स्प्रिंग, स्टिकर, एक्झॉस्ट आणि नंबरची पट्टी लागते. जाहिरातीत दुसरी आणि तिसरी वाट हुबेहूब सारखी दिसते. फसवणूक होते ती या साम्यावर.

डीलरची म्हणून प्रत्येक गाडी टाकाऊ, असं मात्र नाही. फेरारी २७५ जीटीबी/४ एनएआरटी स्पायडर ही अमेरिकेतले फेरारी वितरक लुइजी किनेत्ती यांच्या हट्टापायी जन्मली. २५ बनवायचा बेत होता, मागणीअभावी १० वर थांबली, आणि २०१३ मध्ये त्यातली एक लिलावात २७५ लाख डॉलरला गेली. पण ती इटलीतच घडली होती आणि तिची छपराविना बॉडी फेरारीच्या बॉडी बनवणाऱ्या स्कालिएत्तीच्या कारखान्यातली होती. शेव्हरोले कमॅरोचं ‘येन्को’ प्रकरण याहून बोलकं आहे. पेनसिल्व्हेनियातले डीलर डॉन येन्को १९६७ मध्ये आपल्याकडेच इंजिन बदलून गाड्या विकत; १९६९ मध्ये ‘सीओपीओ ९५६१’ या खास ऑर्डर क्रमांकाखाली ४२७ घनइंची इंजिन कारखान्यातूनच बसून येऊ लागलं. आज येन्कोच्या नकला भरपूर आहेत, कारण पट्टे आणि बॅज कुणालाही मिळतात, आणि १९६९ च्या कमॅरोचा चासी नंबर इंजिन व्ही-८ आहे एवढंच सांगतो, कोणतं ते नाही. अशा गाडीची किंमत शेवटी कागदांवर ठरते. जुन्या, नावाजलेल्या डीलर गाडीची ही गत, तर कालपरवाच्या स्टिकरवाल्या गाडीचं काय होणार ते सांगायला नको.

आता बिलाकडे या. मूळ गाडीची किंमत १०० धरा. बिलावर ‘एडिशन पॅकेज’ नावाची एकच ओळ असते, समजा १८ ची. तिची फोड मागितली की विषय बदलतो. फोड आपणच करावी: लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारे), चाकं किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती), एक्झॉस्टचा मागचा भाग, व्हिनिलचे पट्टे, सिरॅमिक कोटिंग, पायपुसण्या, पट्टी. या वस्तूंचे आणि त्या बसवण्याच्या मजुरीचे दर स्वतंत्र वर्कशॉपमधून लेखी घ्या. बेरीज सहा-सातवर आली, तर उरलेले अकरा-बारा नुसत्या पट्टीचे आहेत. मागणी जास्त असलेल्या गाडीवर डीलर छापील किमतीच्या वर जो ‘प्रीमियम’ लावतो, तो उघड मागितला तर ग्राहक घासाघीस करतो. पॅकेजच्या पोटात दडवला की तोच प्रीमियम हौसेने भरला जातो.

याच बिलात आणखी एक हातचलाखी असते आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. खास रंग, बकेट सीट, कार्बनचे ब्रेक हे कारखान्याचे पर्याय असतात आणि त्यांचे पैसे मूळ १०० मध्ये आधीच धरलेले असतात. एडिशनच्या माहितीपत्रकात तेच पर्याय पुन्हा ‘एडिशनची वैशिष्ट्यं’ म्हणून छापले जातात. एकाच सीटचे पैसे दोनदा जातात. यावर उपाय म्हणजे बिल्ड शीट, म्हणजे त्या चासी नंबरची पर्यायांच्या कोडसकट कारखान्याची यादी. ती समोर ठेवून माहितीपत्रकातली प्रत्येक ओळ खोडत जा. शेवटी जे खोडलं जात नाही, तेवढंच डीलरने घातलेलं आहे.

एडिशनसाठी निवडलेली गाडी कित्येकदा आवारात पडून राहिलेली असते. न खपणारा रंग, नको असलेले पर्याय, म्हणून तिला पट्टे लागतात. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार अंक पाहा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. चारही टायर पाहा, दरवाजाच्या चौकटीवर उत्पादनाचा महिना असेल तर तोही जुळवा. वर्षभर एका जागी उभ्या गाडीच्या रुंद टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बॅटरी एकदा पूर्ण उतरून गेली असेल तर ती पुन्हा भरवशाची राहत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. बहुतेक कंपन्या ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आणि वॉरंटी सुरू झाल्याची तारीख लेखी मागा. गाडी आधी डेमो म्हणून नोंदली गेली असेल तर घड्याळ केव्हाच चालू झालेलं असतं.

खरं नुकसान सस्पेंशनमध्ये होतं. २५ ते ३० मिमी खाली बसवणारे स्प्रिंग दिसायला छान असतात. पण डॅम्पर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मूळ उंचीचेच राहतात, त्यामुळे त्यांचा दाबला जाण्याचा प्रवास तेवढाच कमी होतो आणि खड्ड्यात गाडी बम्प स्टॉपवर, म्हणजे प्रवासाच्या टोकाला असलेल्या रबरी अडथळ्यावर, आदळू लागते. डॅम्परच्या सीलमधून तेल झिरपायला लागलं की वॉरंटीचा दावा फेटाळला जातो, कारण स्प्रिंग कंपनीचे नाहीत. उंची बदलल्यावर चाकांचा कल वाढतो. अलाइनमेंट नव्याने केलं नाही तर टायर आतल्या कडेने गुळगुळीत होतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. हेडलाइटची पातळी ठरवणारा सेन्सर आणि पुढचा रडार-कॅमेरा यांचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं. ते केल्याची छापील नोंद नसेल, तर केलेलं नाही असं धरून चाला. इलेक्ट्रॉनिक डॅम्पर काढून साधे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्परचा एकत्र संच) बसवले असतील तर डॅशबोर्डवर इशारा येऊ नये म्हणून जागोजागी खोटा सिग्नल देणारे मॉड्यूल जोडलेले असतात. ते कुठे आहेत हे पुढच्या मेकॅनिकला शोधत बसावं लागतं.

स्पेसर असतील तर एक बोल्ट काढायला लावाच. एम १४ बोल्ट हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) किमान स्वतःच्या व्यासाइतका, म्हणजे १४ मिमी शिरायला हवा, १.५ मिमी पिचला (दोन आट्यांमधलं अंतर) हे नऊ-साडेनऊ फेरे होतात. १५ मिमीचा स्पेसर घालून जुनाच बोल्ट वापरला असेल तर काढताना बोल्ट पाच-सहा फेऱ्यांतच निघून हातात येतो, म्हणजे पकड अपुरी आहे, आणि ही गाडी अशीच चालवणं जिवावर बेतू शकतं. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणाऱ्या गाडीत टायरचं माप बदललं असेल तर पुढच्या-मागच्या टायरच्या घेराचं मूळ गुणोत्तर राखलं आहे का, तेही विचारा. बिघडलं असेल तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला कपलिंग सतत घासत राहतो आणि तापतो.

एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून पोकळ नळी बसवली असेल तर प्रदूषण चाचणीत गाडी नापास होणार. ‘३० अश्वशक्ती जास्त’ असा दावा असेल तर ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, सॉफ्टवेअर बहुधा बदललेलं आहे. आधुनिक ईसीयू किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद ठेवतो. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत असा बदल पकडला गेला की चासी नंबरपुढे ‘टीडी१’ ही खूण लागते आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटी दाव्यांवर गदा येते. डीलर म्हणतो, वॉरंटी आम्ही देतो. ती कंपनीची नव्हे, डीलरची. तिच्यात बहुधा फक्त त्याने बसवलेले भाग येतात, त्या भागांमुळे मोडलेलं इंजिन येत नाही. विम्याचंही तसंच: बदल जाहीर न करता घेतलेली पॉलिसी अपघातानंतर वादात सापडते, आणि जाहीर केले तरी नुकसानभरपाई बाजारभावाने मिळते, एडिशनच्या भावाने नाही. ‘ठरलेल्या मूल्याची’ पॉलिसी मिळत असेल तरच त्या १८ ना अर्थ आहे.

रंगासाठी मायक्रॉन मीटर, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं यंत्र, न्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्या पॅनेलवर २५०-३०० दिसलं तर तिथे पुन्हा रंग मारलाय किंवा वर संरक्षक फिल्म आहे. पट्ट्याच्या कडेवरून नख फिरवा: कडा लागली तर पट्टा वरून चिकटवलेला, नाही लागली तर लॅकरच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) खाली रंगवलेला. व्हिनिलचे पैसे रंगाच्या भावाने घेणं सर्रास चालतं.

गाडी अजून बनायचीच असेल तर धोका वेगळा. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या एका डीलरकडच्या अधिकाऱ्याने कंपनीकडे कधी नोंदवल्याच नव्हत्या अशा गाड्यांसाठी ग्राहकांकडून वीस लाखांहून जास्त डॉलर गोळा केले. पैसे डीलरच्या नावासारख्याच नावाच्या वेगळ्या खात्यात जात होते. म्हणून रक्कम भरण्याआधी खातं नेमकं कोणत्या संस्थेचं आहे ते पाहा आणि कारखान्याचा ऑर्डर क्रमांक मागा. ‘अलोकेशन (कंपनीने डीलरला नेमून दिलेली गाडी) येणार आहे’ म्हणजे अलोकेशन नाही. क्रमांक मिळाला की कंपनीच्या ग्राहक विभागाला थेट लिहून तो आपल्या नावावर आहे का ते विचारा. अनामत परत मिळण्याच्या अटी, मुदत आणि गाडीचे ठरलेले तपशील एकाच कागदावर हवेत. तपशील बदलले तर काय, हे कलम विसरू नका. जॅग्वार एक्सजे२२० ही १९८८ मध्ये व्ही-१२ इंजिन आणि चार चाकांना ताकद, अशी दाखवली गेली. ५०,००० पौंड अनामत भरलेल्यांना १९९२ मध्ये मिळाली ती ३.५ लिटर व्ही-६ टर्बो, मागच्या चाकांवर चालणारी. तोवर बाजारही कोसळला होता आणि करारातून सुटू पाहणाऱ्या काहींचं प्रकरण कोर्टात गेलं.

म्हणजे कंपनीची स्वतःची एडिशनही नफ्याची हमी नव्हे. पोर्शे ९११ आर २०१६ मध्ये ९९१ गाड्यांपुरती निघाली: ४ लिटर, ५०० अश्वशक्ती, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. सुरुवातीला मूळ किमतीच्या कित्येक पट मागितले गेले. २०१७ मध्ये कंपनीने जवळपास तोच अनुभव देणारी, संख्येचं बंधन नसलेली जीटी३ टूरिंग आणली आणि शिखरावर घेणारे अडकले. काही करारांत लगेच विकायलाही बंदी असते. फोर्ड जीटीच्या पहिल्या ग्राहकांना दोन वर्षं विकता येत नव्हतं. ते न पाळल्याबद्दल फोर्डने २०१७ मध्ये कुस्तीपटू जॉन सीना यांच्यावर दावा लावला, तो २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. डीलरच्या एडिशनमध्ये असं कलम ‘विकायची तर आधी आम्हालाच विचारायचं’ या रूपात येतं. त्यात तो कोणत्या भावाने घेणार हे लिहिलेलं नसेल तर ते खोडून टाका.

मग घ्यावी की नाही? तीच गाडी साधी घेऊन हवे ते भाग नंतर लावणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. घ्यायचीच असेल तर एडिशनचं नाव किंवा तिचा कोड बिल्ड शीटवर हवा, एकूण संख्या कंपनीच्या लेटरहेडवर हवी, आणि ती संख्या नेमकी कशाची हेही हवं. ‘२५’ म्हणजे जगभरात २५, एका देशात २५, की या रंगात या शोरूममध्ये २५? पुढच्या वर्षी दुसऱ्या रंगात आणखी २५ काढायला डीलरला कोण अडवणार? लेखी उत्तर मिळत नसेल तर सौदा सोडा.

आधीच घेऊन बसला असाल तर मूळ स्प्रिंग, चाकं, एक्झॉस्ट आणि बोल्ट डीलरकडून आजच मागून घ्या. ते तुमच्या गाडीचे आहेत, पैसे भरून घेतलेले, आणि विकताना मूळ भागांसकट गाडी लवकर जाते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, माहितीपत्रक, विक्रेत्याचे मेसेज आणि बिल एकत्र ठेवा. मग कंपनीच्या ग्राहक विभागाला चासी नंबर देऊन एवढंच विचारा: या नंबरवर ही एडिशन नोंदलेली आहे का? जाहिरातीत ‘फॅक्टरी एडिशन’ म्हटलं असेल आणि कंपनीचं लेखी उत्तर ‘नाही’ असं आलं, तर दिशाभूल करून विकल्याची तक्रार उभी राहते. मुदतीचे कायदे जागोजागी वेगळे आहेत, तेव्हा ते उत्तर हातात पडताच वकिलाला दाखवा.